पाटी लावायच्या आधी

९ फेब्रुवारी

पाटी लागली. आमच्याच फाटकावर!

सकाळी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर टायवाला खिळे ठोकतोय. हा घरांचा एजंट. बेटावर एवढा खारा वारा, लोक धड टोपी घालू शकत नाहीत, आणि हा बारा महिने टाय लावून हिंडतो. आजही टाय उडून खांद्यावर पडला होता. दातांत दोन खिळे. मला बघून ते न काढताच हसला. "तुमच्या कानावर आलंच असेल ना?"

कुठून येणार? कुणी सांगितलं तर येणार ना!

'विकणे आहे.' खाली त्याचा फोन नंबर.

घरमालक कप्तान जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. वर त्यांची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून आहे, मी रोज पुसते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हापासून कप्तान वर आणि आम्ही खाली. वरून काठी आपटायचे. एकदा आपटली की चहा, दोनदा आपटली की "वर ये, बोट लागतेय, गंमत बघ." शेवटची दोन वर्षं तर मीच त्यांना उठवत बसवत होते. त्यांची मुलगी पलीकडे, किनाऱ्यावरच्या शहरात. अंत्यविधीला आली तेव्हा माझ्याच गळ्यात पडून रडली. "काकू, तुम्ही होतात म्हणून बाबांचं झालं." आणि आता ही पाटी!

हे धक्क्यावरून जेवायला आले. म्हटलं, "अहो, पाटी बघितलीत?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? घर तिचं आहे."

आणि जेवायला बसले. बोटीचा दोर खुंट्याला बांधायचा आणि सोडायचा, हे यांचं आयुष्यभराचं काम. तोंडालाही तसाच दोर बांधलेला असतो. फक्त तो सोडत नाहीत.

१० फेब्रुवारी

झोप नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते काल कळलं.

पैशाचा राग नाही. घर तिचं आहे, मान्य. विकू दे. पण या बेटाला एक रीत आहे! घर काढायचं असेल तर पाटी लावायच्या आधी लगतच्या माणसाला विचारायचं. चिठ्ठी पाठवून नाही, फोनवर नाही. समोर उभं राहायचं, बसायचं नाही, आणि विचारायचं, "मी घर काढतोय, तुला हवंय का?" तो नाही म्हणाला की मग बाकीच्या जगाला. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा कप्तानांनीच मला ही रीत सांगितली होती. म्हणाले होते, "चहूकडे पाणी आहे. एकमेकांना न विचारता वागलो तर जाणार कुठे?" मला ते इतकं आवडलं होतं! मी आईला पत्रात लिहून कळवलं होतं.

माझ्या दिरांनी यांचं वाडवडिलांचं घर विकलं, तेव्हा त्यांनीसुद्धा यांना विचारलं होतं. धक्क्यावर, उभ्याउभ्या. तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं, नाही म्हणावं लागलं. पण विचारलं! दीर एक नंबरचे स्वार्थी, तरी विचारलं.

कप्तानांच्या मुलीने विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आली होती ती. दुपारच्या बोटीने. दारात आली, जेमतेम आत शिरली. मी आधण ठेवलंच होतं. कप भरून पुढे केला तर म्हणते, "नको काकू." बरं पाणी? "नको." उभीच! लहानपणी याच ओट्यावर बसून दूध पिऊन मिशा काढायची ती. इकडेतिकडे बघितलं, वर जाऊन आली, आणि संध्याकाळच्या बोटीने पसार. चहा तसाच गार झाला. मी तेव्हा म्हटलं, दुःखात आहे पोरगी. कसलं दुःख! घर विकायचं मनात घेऊन आली होती, नजर देता येईना. आमच्या घरचा चहासुद्धा घशाखाली उतरेना तिच्या.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आई म्हणायची.

१३ फेब्रुवारी

नणंदबाईंच्या दुकानात गेले. साखर हवी होती, पण खरं तर बोलायचं होतं. धक्क्यासमोरचं त्यांचं दुकान म्हणजे बेटाचा भोंगा. तिथे एकदा बोललं की दीपगृहापर्यंत ऐकू जातं.

म्हटलं, "पाटी बघितलीत ना? आम्हाला विचारलं नाही तिने."

नणंदबाईंनी तराजू खाली ठेवला. "विचारलं नाही?"

"नाही."

"कप्तानांच्या मुलीने?"

"हो!"

"पलीकडचं पाणी लागलं," असं म्हणून त्यांनी माझी साखर इतक्या रागाने पुडीत कोंबली की पुडी फाटली. मग एकदम माझ्याकडे बघून, "तू नव्हे गं." मी पलीकडची ना! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी नणंदबाईंच्या लेखी मी कालच्या बोटीने आले आहे.

असो. आज मला तेही चाललं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. वरच्या मजल्याचा नळ गळतो, टायवाल्याने प्लंबरला बोलावलं तर प्लंबर म्हणाला, पाठ दुखतेय. त्याची पाठ! परवाच पिंप उचलून नाचत होता. मला फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

हे म्हणाले, "गावभर कशाला करतेस?" म्हटलं, गावाचंच आहे ते.

१९ फेब्रुवारी

टायवाल्याने जाहिरातीचं पत्रक छापलंय. दुकानात ठेवायला आला तर नणंदबाईंनी त्यात मिरच्या बांधून दिल्या गिऱ्हाइकाला. मला मिळालं ते मिरचीच्या वासाचंच.

'अस्सल बेटावरचं जगणं! सागराभिमुख दुमजली घर. साधीभोळी माणसं, निवांत दिवस.'

साधीभोळी! कोण साधंभोळं? मी? आणि फोटोत काय, तर दोरीवर माझी चादर. निळ्या फुलांची, कोपऱ्यात ठिगळ असलेली. ते ठिगळसुद्धा दिसतंय. माझ्या ओल्या चादरीवर हा माणूस घर विकणार! खाली बाई राहते ती कुठे जाणार, त्याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही. शेवटी बारीक अक्षरांत: 'घर रिकामं करून मिळेल.'

रिकामं करून! आम्ही म्हणजे पिंपातला गाळ.

२४ फेब्रुवारी

आज पहिलं गिऱ्हाईक. घर दाखवायचं कुणी? मीच! कारण चावी माझ्याकडे. बेटावरची निम्मी घरं आता पलीकडच्या लोकांची. वर्षातून चार आठवडे येतात, बाकी वेळ बंद. ती बंद घरं बघायचं माझं काम. खिडक्या उघडायच्या, गाद्या उभ्या करायच्या, कपाटातली बुरशी पुसायची, मोऱ्यांत पाणी ओतायचं, नाहीतर गटाराचा वास वर येतो. टायवाल्याला वाटतं, चाव्या सांभाळते म्हणजे त्याचीच नोकर.

नवराबायको होते. निवृत्त. बाई सारखी डोळे मिटून श्वास घेत होती. "किती शांत आहे हो इथे!"

म्हटलं, "हो, धुकं नसेल तेव्हा."

"धुकं असलं की?"

"भोंगा वाजतो ना. या खिडकीच्या बरोबर समोर. धुकं उठेपर्यंत वाजतो. कप्तान शेवटी बहिरेच झाले होते."

टायवाला खोकला. मी पुढे गेले. खोटं एक अक्षर बोलले नाही! मागच्या दाराची चौकट ओलीने फुगते, पावसाळ्यात दाराला खांद्याने धक्का द्यावा लागतो. जमीन मागच्या बाजूला उतरती आहे, लिंबू ठेवलं की गडगडत न्हाणीत जातं. मी लिंबू आणून दाखवलं. वादळ असलं की बोट बंद, मग डॉक्टर पलीकडे आणि छातीत कळ इकडे. म्हाताऱ्याने आपली छाती चाचपली.

संध्याकाळच्या बोटीने गेले. यांनीच दोर सोडला त्यांचा. घरी येऊन म्हणाले, "लिंबू कशाला दाखवायचं?"

म्हटलं, "अस्सल बेटावरचं जगणं!"

हसले नाहीत. एरवी अशा गोष्टीला हसतात.

२ मार्च

दुसरं गिऱ्हाईक. एकटी बाई, हातात मोजायची टेप. मला नमस्कार नाही, ओळख नाही. माझ्या स्वयंपाकघरात शिरून माझ्याच भिंतीला टेप लावली. "ही पाडता येईल." पुढच्या खोलीत, "हीपण." माझं गॅसवरचं भांडं बघून, "हे सगळं निघेल ना?" असं टायवाल्याला विचारलं. हे सगळं!

मग खिडकीतून बघत म्हणाली, "सगळी घरं बंदच दिसतात. मग इथले लोक कुठे राहतात?"

म्हटलं, "जिन्याखाली."

तिने खरंच जिन्याखाली वाकून बघितलं.

तिला मी भोंगा सांगितला, लिंबू सांगितलं, वर वाळवीही दाखवली. तीही गेली. नंतर टायवाला माझ्यावर धावून आला. टाय मागे, बोट पुढे. "तुम्ही तोंड आवरा, नाहीतर सगळ्या चाव्या काढून घेईन." म्हटलं, घ्या की. मोऱ्यांत पाणी तुम्ही ओता. गाद्या तुम्ही उभ्या करा. टाय खराब होईल फक्त.

बोलले खरं. नंतर चाव्यांचा जुडगा दोनदा मोजला.

६ मार्च

कप्तानांची मुलगी आली. वरचं सामान आवरायला. आवरून होईपर्यंत राहणार.

मी नणंदबाईंच्या दुकानातून सगळं बघितलं. ती बोटीतून उतरली, हातात दोन जड बॅगा. हमाल समोर बसले होते, एकही उठला नाही. एकाने तर पाठ फिरवली. दुकानात आली, पाव मागितला. फळीवर चांगले सात-आठ पाव दिसत होते. नणंदबाई म्हणाल्या, "संपले." तिने फळीकडे बघितलं, नणंदबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मान खाली घालून निघाली.

मनातल्या मनात म्हटलं, कळलं ना आता?

आणि तेवढ्यात हे! दोर टाकला, धावत गेले, तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या. सगळ्या गावादेखत! चढावर तिच्यापुढे चालत गेले. नणंदबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले तेव्हा मी तयारच होते. "तुम्हाला काही आहे की नाही? जिने आपल्याला बेघर केलं तिची हमाली करता?"

"कप्तानांची पोर आहे."

"म्हणून तर! कप्तानांच्या पोरीला रीत माहीत नाही?"

आंघोळीला गेले. तासभर पाणी वाजत होतं.

७ मार्च

वर तिच्या पावलांचा आवाज येतो. कप्तानांसारखीच चालते, एक पाय ओढत. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

११ मार्च

खोल्या बघत हिंडले. पाय मोडले. बेटावर वर्षभरासाठी खोली कुणी देत नाही आता. बर्फाच्या कारखान्यावरची मिळते, पण सीझन लागला की महिनाभरात खाली करायची. शाळेमागची, तीच गत. एका बाईने तर सांगितलं, सीझनमध्ये तुम्ही तंबूत राहा, बरेच जण राहतात. बरेच जण राहतात! शाळेची शिक्षिका गेल्या वर्षी बोटींच्या शेडमध्ये राहत होती, मला ठाऊक आहे. मुलांना गणित शिकवायचं आणि अंघोळीला धक्क्यावरच्या नळावर रांग लावायची. पलीकडच्या लोकांच्या गाद्या मी उभ्या करून वाळवते, आणि मला पाठ टेकायला जागा नाही.

घरी आल्यावर सगळं यांना सांगितलं. शांतपणे म्हणाले, "मग जाऊ की पलीकडे."

असं म्हणाले! मीठ दे म्हणावं तसं.

हातातलं उलथणं फेकलं मी. त्यांच्याकडे नाही, भिंतीकडे. पलीकडे मी काय करू? मी पलीकडचीच, मला नका सांगू पलीकडचं! इथे आले तेव्हा बोटीत ओकले होते, यांच्या नव्या कोऱ्या शर्टावर. वर्षभर रडले. प्रत्येक सुटणारी बोट बघून वाटायचं, उडी मारावी. मग कधीतरी थांबलं ते. कधी ते कळलंही नाही. एक दिवस माहेरी गेले आणि चौथ्या दिवशी मला वाऱ्याचा आवाज नाही म्हणून झोप येईना. आता कुठल्या घराची कुठली कडी गंजते, कुठल्या दारातली मांजर कुणाची, कोण कोणाशी बोलत नाही आणि का, सगळं माहीत आहे. पलीकडे मी कोण? दोन खोल्यांतली एक म्हातारी होत चाललेली बाई.

मला इथेच राहायचं आहे. कुणाला सांगू? वहीला सांगते.

१६ मार्च

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. माणूस नाहीच! दोन मुलं आली, फोटो काढले, वर गेली, खाली आली. मी लिंबू काढलं तर एक म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आम्ही सगळं पाडणारच आहोत." इथे लॉज होणार. भोंगा, वाळवी, वादळ, काही चालेना. ज्यांना राहायचंच नाही त्यांना कशाची भीती घालणार?

टायवाला माझ्याकडे बघून नुसता हसला. पुढच्या आठवड्यात सह्या.

खोकी आणली. भांडी बांधायला घेतली. बांधताना दोन कप फोडले. एक चुकून फुटला.

१८ मार्च

लिहायला नको वाटतं, तरी लिहिते.

दुकानात गेले होते, रिकामी पोती मागायला. नणंदबाई हळहळत होत्या. मला पुन्हा उमाळा आला. म्हटलं, "विचारलं असतं तर एवढं वाटलं नसतं हो! नुसतं विचारायला काय जात होतं? त्या दिवशी घरात आली, चहा दिला तर घेतला नाही. पाणीसुद्धा नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी, हिच्या मनात काय आहे."

नणंदबाईंचा हात पोत्यावरच थांबला. "पाणी घेतलं नाही?"

"नाही."

"हे आधी नाही बोललीस."

"त्यात काय बोलायचं? उद्धटपणा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "अगं, नकार मिळाला की पाणी घेत नाहीत त्या घरचं. घराचा व्यवहार पुरा होईस्तोवर. चहापाण्याने मन वळवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. एवढंही ठाऊक नाही तुला?"

नव्हतं ठाऊक. कप्तानांनी अर्धीच रीत सांगितली होती.

म्हटलं, "पण तिने मला विचारलंच नाही, मी नकार कसा देईन?"

"तुला कशाला विचारेल?" अगदी सहज म्हणाल्या. वाईट वाटावं म्हणून नाही. "विचारतात ते जन्माने इथल्याला. तू पलीकडची."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही एकदम मिरच्या निवडायला लागली.

ती दुपारच्या बोटीने आली होती. बोटीतून उतरल्यावर पहिला माणूस कोण भेटतो? दोर बांधणारा!

पोती न घेताच परत आले. पुढे लिहवत नाही.

१९ मार्च

काल संध्याकाळी त्याला विचारलं. दार लावून. म्हटलं, "तुम्हाला विचारलं होतं तिने?"

"हो."

एवढंच. महिना-दीड महिना माझ्यासमोर जेवला हा माणूस!

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नको म्हणालो."

"पैशासाठी?"

"नाही. दरमहाचं भाडंच किमतीत वळतं करू म्हणाली. कप्तान सांगून गेले होते तिला तसं."

म्हणजे मिळत होतं! माझं स्वयंपाकघर, माझी उतरती जमीन, कप्तानांची खिडकी, सगळं हातात येत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मी गावभर बोंब मारली! त्या पोरीला पाव मिळू दिला नाही. त्याने ऐकलं सगळं. नळाचं ऐकलं, हमालांचं बघितलं, एकदाही म्हणाला नाही की अगं थांब, तिने विचारलं होतं. बॅगा उचलल्या म्हणे! बॅगा उचलून फिटतं?

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारची सगळी घरं बंद आहेत म्हणून बरं.

शेवटी तो बोलला. सव्वीस वर्षांत एवढा कधी बोलला नव्हता. म्हणाला, "जन्मल्यापासून चारी बाजूंनी पाणी बघतोय. दुसऱ्यांच्या बोटी बांधायच्या आणि सोडायच्या. मी कधी कुठल्या बोटीत बसून गेलो? आता गुडघे गेले. मरताना तरी एका बाजूला जमीन असू दे. सरळ चालत सुटलं तर पाणी लागू नये, एवढंच." आणि मग, "तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणायला लावलं असतंस."

हो. लावलं असतं.

मला त्याची दया आली, तेही खरं आहे. हे लिहिताना त्याचाच राग येतोय. दया येऊ नये अशा वेळी ती का येते? त्याला जायचं होतं तर मला सांगायचं! मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण त्याने विचारलं नाही. रीत म्हणते लगतच्याला विचारा. माझ्याइतकं लगतचं त्याला कोण आहे?

२० मार्च

जेवण वाढलं. मीठ घातलं नाही. त्याने मुकाट्याने खाल्लं.

२१ मार्च

चहा करून वर गेले. दोन कप. जिना चढताना वाटत होतं, ती दार तोंडावर आपटेल. आपटायलाच हवं होतं.

खोली अर्धी रिकामी झाली आहे. कप्तानांची खुर्ची मात्र तिथेच. ती जमिनीवर बसून त्यांचे स्वेटर घड्या घालत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. तू विचारलं होतंस. मला आत्ता कळलं."

तिने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली. मग म्हणाली, "नकार कुणाचा ते आपण सांगायचं नसतं, काकू. बाबा म्हणायचे, ते नाही म्हणणाऱ्याने सांगायचं. मी वाट बघत होते काका सांगतील."

"पाव मिळाला नाही तरी?"

"बिस्किटं होती."

बिस्किटं होती म्हणे! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चहा पुढे केला. तिने बघितलं, वाससुद्धा घेतला, पण हात पुढे केला नाही. "अजून व्यवहार झाला नाही ना."

"अगं, मी कुठे नाही म्हटलंय?"

"घर एकच ना, काकू."

तिथे पुन्हा डोकं फिरलं माझं. तिच्यावर नाही. कप्तानांवर! मी म्हटलं, "तुझ्या बाबांना मी भरवलं. त्यांनी मला रीत सांगितली, इतक्या कौतुकाने सांगितली, आणि त्या रीतीत मी नाहीच हे सांगितलं नाही. मी दीड महिना ज्या रीतीसाठी गावभर बोंबलत आणि टायवाल्याशी भांडत होते, ती माझी नव्हतीच! मग रीत गेली खड्ड्यात. बेटाची रीत बेटावर राहणाऱ्याची असायला हवी की जन्माला येऊन पळून जाणाऱ्याची? तू गेलीस. तो जायला निघालाय. मी राहिलेय!"

ती रडायला लागली. मीही. चहा पुन्हा गार झाला.

उद्या दुपारच्या बोटीने कंपनीची माणसं येणार, सह्यांना.

२२ मार्च

सकाळी तो धक्क्यावर गेल्यावर कप्तानांची मुलगी खाली आली. उंबऱ्यात उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही. "काकू, मी घर काढतेय. तुम्हाला हवंय का?"

हो म्हणाले.

मग तिने चहा घेतला. दोन कप.

त्याला विचारलेलं नाही.